चुलीपासून उठायला किती वेळ मिळतो?

(बार्शीटाकळी येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



'सरपण आणि बायका' या विषयावर मला बोलायला सांगितलंय. विषय मोठा आहे. त्यातला एकच लहानसा प्रश्न मी घेते. एकदा घातलेलं सरपण चुलीत किती वेळ जळतं?

मागच्या हिवाळ्यात याच तालुक्यातल्या एका गावात आमची संध्याकाळची बैठक होती. एक मावशी उशिरा आल्या. कुणीतरी कुरकुरलं, तशा त्या म्हणाल्या, "पराटी फसकन पेटते अन् तशीच इझते. भाकर थापू का चूल पाहू? उठाव तरी कसं?" त्याच आळीतल्या, शेतीवाडी असलेल्या एक काकू मात्र वेळेवर आल्या होत्या. त्यांच्या चुलीत बाभळीचं जाड लाकूड होतं. डाळ शिजत ठेवून त्या निघाल्या होत्या.

हा फरक कशामुळे? किलोला किलो पाहिलं तर पऱ्हाटीत जवळपास बाभळीइतकीच उष्णता असते. पण पऱ्हाटी बारीक आणि हलकी. तिला चारी बाजूंनी हवा लागते, ती भडकते, संपते, निखारा धरत नाही. बाभूळ जड. ती सावकाश जळते आणि जाळ गेल्यावरही निखारे आच देत राहतात. म्हणजे जिच्या बांधावर बाभूळ आहे, तिला चुलीपासून उठता येतं. जिला बांधच नाही, ती दुसऱ्याच्या शेतातली पऱ्हाटी उपटते, भारा डोक्यावर आणते आणि तो जाळायलाही तीच बसून राहते. वेळेचीही अशी गरिबी असते, आणि ती बाईच्या वाट्याला दुप्पट येते.

कुणी म्हणेल, मग चूल एकदम गच्च भरा. थंड देशांत घर उबदार ठेवायला लोखंडी बंद शेगड्या असतात. लाकडं भरायची, दार लावायचं, हवा कमी करायची. एका भरणीत रात्र निघते. पण त्यांना धुराडं असतं आणि त्यांचं काम ऊब देण्याचं. आपल्या तव्याला आच लागते. उघडी चूल गच्च भरली की हवा कोंडते, लाकूड धुमसतं, आणि तो धूर बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या लेकराच्या छातीत जातो. कर्क स्मिथ या संशोधकाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत जाऊन हा धूर मोजला होता. घरातल्या अशा धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

सरकारने १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, २००२ मध्ये तो थांबला. निर्धूर चुली आपल्याकडेही बांधल्या गेल्या. किती चुली बांधल्या, किती लाकूड वाचलं, याचे हिशेब झाले. बाईला किती वेळ उठता येतं, हा प्रश्न मागेच राहिला. लहान तोंडाच्या चुलीला लाकूड बारीक फोडून लागतं आणि ते सारखं आत सारावं लागतं. ती कुऱ्हाड कोणाच्या हातात असते, हे तुम्हाला सांगायला नको.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, सिलिंडर घरात आला. गॅस लावून बाई उठू शकते, हे त्याचं खरं मोल. पण तो पुन्हा भरायला पैसे लागतात, म्हणून तो चहाला आणि पाहुण्यांना. भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच. पऱ्हाटी फुकट आहे ना, असं घरातले म्हणतात. ती फुकट वाटते, कारण बाईच्या श्रमाचा हिशेब कुणी मांडत नाही.

आता तीही कमी होते आहे. कपाशीच्या जागी सोयाबीन आलं. त्याचं कुटार जनावराला चालतं, चुलीला नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. पऱ्हाटी बांधावर किंवा घराजवळ रचू नका, तिच्यातल्या बोंडांत अळी टिकते, असं कृषी खातं सांगतं. पिकासाठी हा सल्ला बरोबर आहे. पण त्याच ढिगावर पावसाळ्याचे चार महिने चूल पेटते. ढीग हलवा म्हणणाऱ्यांनी मग चुलीत काय घालायचं, हेही सांगायला हवं.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. एक, आठ दिवस घड्याळ लावा. एका वेळच्या सैपाकात चूल किती वेळा सारावी लागली, लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर भिंतीवर कोळशाने रेघ ओढा. दोन, ते आकडे घेऊन ग्रामसभेत जा. गावच्या पडीक जमिनीवर सरपणाची झाडं लावावीत आणि त्यावर भूमिहीन बायकांचा पहिला हक्क असावा, अशी मागणी करा. गॅसच्या पैशाचा प्रश्नही तिथेच मांडा. तीन, त्या आठ दिवसांत एक दिवस घरातल्या पुरुषाला चुलीपुढे बसवा. त्याच्याही रेघा वेगळ्या मोजा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपले आकडे आणावेत. आणि त्या मावशींना जमेल अशी बैठकीची वेळ आधी ठरवू.