मेंटेनन्सचं बजेट मंजूर करून घ्यायचंय? आधी ‘सूं सूं’ रुपयांत मोजा!

मी सॉफ्टवेअरवाला, पण माझा कोड चालतो तो कारखान्यांसाठी. त्यामुळे मेंटेनन्सवाल्या मित्रांशी रोज बोलणं होतं. सगळ्यांचं रडगाणं एकच, "मशीन बंद पडलं की शिव्या आम्हाला, आणि आधी पैसे मागितले की साहेब म्हणतात, पुढच्या वर्षी बघू."

आता साहेबांच्या जागी बसून बघा. तुम्ही समोर ठेवता ती सामानाची यादी. ट्यूब, फिटिंग, ड्रेन व्हॉल्व्ह. त्यांना त्यात दिसतो फक्त खर्च. आज काय वाया जातंय, हे त्या यादीत कुठेच नसतं. तर ते दाखवायचं कसं?

सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे कॉम्प्रेस्ड एअर. शॉपमध्ये हवा लीक होतानाचा ‘सूं सूं’ आवाज सगळ्यांना ऐकू येतो, पण तो बिलात वेगळा दिसत नाही.

सुट्टीच्या दिवशी हवेवर चालणारं सगळं बंद ठेवा आणि फक्त कॉम्प्रेसर चालू करा. मोबाईलचं स्टॉपवॉच काढा. कॉम्प्रेसर किती वेळ लोड होतो, किती वेळ अनलोड, हे चार-पाच वेळा मोजून सरासरी काढा. समजा लोड ९० सेकंद, अनलोड ३६० सेकंद. ९० भागिले ४५०, म्हणजे २० टक्के. हवा कोणीच वापरत नाहीये, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेतली एवढी हवा नुसती गळतीत जातेय.

आता रुपये काढू. कॉम्प्रेसर ७५ किलोवॅटचा धरा, त्याचे २० टक्के १५ किलोवॅट. वर्षाला ६,००० तास चालला तर ९०,००० युनिट. ८ रुपये दराने ७ लाख २० हजार! हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमच्या बिलातले घाला.

पण थांबा, हा पूर्ण आकडा साहेबांना सांगू नका. अनलोड असतानाही कॉम्प्रेसर वीज खातोच, आणि सगळ्या गळत्या काही बंद होत नाहीत. म्हणून बचत अर्धीच धरा, ३ लाख ६० हजार. दुरुस्तीला ६० हजार लागले, तर पैसे दोन महिन्यांत वसूल. कमी सांगून जास्त दाखवलंत, तर पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला वजन येतं.

साबणाचं पाणी लावून गळत्या शोधा, प्रत्येकीला टॅग बांधा. मग एकच पान लिहा: आजचं नुकसान, लागणारा खर्च, वसुलीचा काळ आणि पुन्हा मोजायची तारीख. ही तारीख विसरू नका. दुरुस्तीनंतर तीच टेस्ट करून नवा आकडा स्वतःहून दाखवा. बेअरिंग, ऑइल, व्हायब्रेशन यांचं बजेट त्यानंतर मागा.

आणि हो, यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. वही पुरते. हे मी सांगतोय, बरं का!

तुमच्याकडे किती टक्के आले, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!