ताशी ६४ किलोमीटरची हमी



२०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या धडकवून पाहिल्या. पाचही गाड्यांच्या वाट्याला सुरक्षेचे शून्य स्टार आले. पुढे २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनने पाच स्टार मिळवले आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची ‘भारत एनकॅप’ ही चाचणी सुरू झाली. आता जाहिरातीत मायलेजच्या शेजारी स्टार झळकतात. पण प्रत्यक्ष रस्त्यावर ते कितपत खरे ठरतात?

बरेच खरे ठरतात. अमेरिकेत विमा कंपन्यांनी चालवलेल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने अपघातांच्या नोंदी तपासल्या. तिच्या समोरच्या धडकेच्या चाचणीत ‘उत्तम’ ठरलेल्या गाडीचा चालक अशा अपघातात दगावण्याची शक्यता ‘निकृष्ट’ ठरलेल्या गाडीच्या मानाने ४६ टक्क्यांनी कमी निघाली. तेव्हा स्टार म्हणजे नुसती जाहिरातबाजी नव्हे.

मात्र चाचणी जेवढे मोजते, तेवढ्याचीच ती ग्वाही देते. भारत एनकॅपमध्ये गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने एका स्थिर अडथळ्यावर आदळतात. पहिली बाब वेगाची. वेग वाढला की धडकेतली ऊर्जा वर्गाच्या पटीत वाढते. समृद्धी महामार्गावर १२० ची मुभा आहे; त्या वेगात ब्रेक न लागता गाडी आदळली, तर ऊर्जा चाचणीच्या साडेतीनपट होते. एवढा मार खाण्यासाठी ती गाडी तपासलेलीच नसते.

दुसरी बाब वजनाची. अडथळा स्थिर असल्यामुळे गाडीला स्वतःच्याच वजनाचा धक्का सोसायचा असतो. याच अमेरिकी संस्थेने २००९ मध्ये चिमुकली ‘स्मार्ट’ गाडी आणि मर्सिडीझची सी-क्लास समोरासमोर धडकवली. अडथळ्याच्या चाचणीत ‘उत्तम’ ठरलेली स्मार्ट इथे ‘निकृष्ट’ ठरली. म्हणून स्टारांची तुलना साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांमध्येच करावी. आणि उभ्या ट्रकच्या मागून घुसणाऱ्या गाडीचे तर बॉनेटच खाली जाते. धक्का झेलायला पुढे काही उरतच नाही.

तिसरी बाब आपल्या हातातली आहे. चाचणीतल्या पुतळ्यांना बेल्ट लावलेला असतो. समोरच्या धडकेत मोठ्या माणसांचे पुतळे पुढच्या दोन सीटवर असतात. मागे असतात दीड आणि तीन वर्षांच्या मुलांचे, तेही चाइल्ड सीटमध्ये. म्हणजे मुलांसाठीचे स्टार त्या सीटसकट मिळालेले असतात. आईच्या मांडीवरच्या बाळाला ते लागू नाहीत.

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. त्या मॉडेलला ‘युरो एनकॅप’ या युरोपातल्या चाचणीचे पाच स्टार होते. पुढचे दोघे वाचले. मागचे दोघे, बेल्ट न लावलेले, गेले.

मागच्या सीटवरही बेल्ट कायद्याने सक्तीचा आहे, नाहीतर हजार रुपये दंड. दंडाचे सोडा. गाडीवर लाखो रुपये घालताना चाइल्ड सीटचे काही हजार वाचवू नका, आणि मागच्या आजी-आजोबांचा बेल्ट लागल्याशिवाय गाडी गिअरमध्ये टाकू नका.