पाऊण तास आणि अर्धी गोष्ट

हेडफोन लावलाय ना? चला, आज माझ्या स्कूटीवर मागे बसा.

मी घरोघरी जाणारी नर्स. जुन्नर आणि आंबेगाव, दोन तालुके. माझे बहुतेक पेशंट बरे होणार नसतात. कुणाचा कॅन्सर खूप पुढे गेलेला, कुणी लकव्यानं कायमचं अंथरूण धरलेलं. त्यांचं दुखणं, धाप, जखमा कमी करायच्या, घरच्यांना आधार द्यायचा. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात.

सुरुवातीला मला वाटायचं, एका घरी जितका जास्त वेळ थांबू तितकं चांगलं.

एक दिवस ओतूरजवळ एका आजींकडे गेले. ड्रेसिंग झालं, चहा झाला, आजी बोलायला लागल्या. माहेर, सासर, धाकट्याचं जाणं. अडीच तास मी उठलेच नाही. पुढचं घर पार डिंभे धरणाकडं. पोहोचले तर दिवस मावळलेला. तिथले काका सकाळपासून कण्हत होते. मॉर्फिनच्या गोळ्या रात्रीच संपलेल्या.

"मावशी, फोन का नाही केला?"

"तुम्ही येणारच व्हता ना, सिस्टर."

डॉक्टरांना फोन लावला. गोळ्या हातात पडायला रात्रीचे दहा वाजले. मावशी रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी पद्धत बदलली. आदल्या संध्याकाळी प्रत्येक घरी फोन. झोप लागली का? दुखणं किती? पोट साफ झालं का? मॉर्फिननं पोट धरतं, म्हणून हे विचारायचंच. आणि गोळ्या किती उरल्या, मोजून सांगा. ज्याचं दुखणं जास्त, त्याचं घर पहिलं. एका दिवशी एकाच बाजूची गावं. आपल्याकडं उसात बिबट्या असतो, अंधाराच्या आत परतायचं.

एका घरी साधारण पाऊण तास. पहिली दहा मिनिटं बॅग उघडायची नाही, नुसतं बसून ऐकायचं. मधे तपासणी, ड्रेसिंग. शेवटी मी हात बांधून बसते आणि घरचे करून दाखवतात. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची. धाप लागली की टेबलफॅन तोंडासमोर कसा धरायचा. डॉक्टरांनी चार तासांनी सांगितलेली गोळी दुखायची वाट न बघता चार तासांनीच द्यायची. कारण मी पाऊण तास असते, उरलेले सव्वातेवीस तास घरच्यांचे.

दोन भेटींना मात्र घड्याळ लावत नाही. पहिली, आणि शेवटच्या दिवसांतली. त्यासाठी रोज एका भेटीची जागा रिकामी ठेवते. रात्रीचा फोन मी आणि माझी सहकारी आलटून पालटून घेतो. आधी रोज मीच घ्यायचे. मग दिवसा पेशंटसमोर बसून माझेच डोळे मिटायचे. त्यात कुणाचं भलं?

आजींना हे सांगताना जीव खालीवर होत होता. म्हटलं, "आजी, आज पाऊण तासच. गुरुवारी परत येते."

आजी हसल्या. "मंग अर्धीच गोष्ट सांगते. म्हंजी तू येशील."

गुरुवारी गेले. उरलेली ऐकली.

तुमच्या घरी कुणी अंथरुणाला असेल, तर हा एपिसोड संपल्यावर एवढंच करा. गोळ्या मोजा. कमी असतील तर आजच फोन करा, आमची वाट बघू नका.