स्वस्त गाव कोणाला स्वस्त?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



निवृत्तीनंतर पुण्यात मुलाजवळ न राहता मी बुलढाणा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी परत आलो. त्यास आता सात वर्षे झाली. तेव्हापासून पुण्याचे स्नेही भेटले की एकच प्रश्न विचारतात : "तिकडे स्वस्ताई असेल, नाही?" या प्रश्नास मी पहिली काही वर्षे मोठ्या उत्साहाने होकार देत असे. आज तो होकार तपासून पाहावा असे वाटते. कारण अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने 'स्वस्त' हा शब्द इतक्या सैलपणे वापरावा, हे बरे नव्हे.

प्रथम होकाराची बाजू प्रामाणिकपणे मांडतो. आमचे गाव घाटावरचे. पुण्यात दोन खोल्यांना जे भाडे पडे, त्याच्या तिसऱ्या हिश्शात येथे अंगण आणि कडुनिंबाची सावली असलेले घर मिळाले. बाजाराच्या दिवशी पिशवीभर भाजी घेऊन परतताना खिसा फारसा हलका होत नाही. वाचनालय, पोस्ट, बँक, बसस्थानक सारे पायी पंधरा मिनिटांच्या आत आहे. दार दोन दिवस उघडले नाही तर तिसऱ्या दिवशी शेजारी कडी वाजवून विचारपूस करतो. या गोष्टींचे मोल मी कमी लेखत नाही.

तथापि या स्वस्ताईचा हिशेब मांडला म्हणजे एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. माझे उत्पन्न या गावात निर्माण होत नाही. माझे निवृत्तिवेतन शासनाच्या तिजोरीतून येते, त्यावरील महागाईची वाढ अखिल भारतीय औद्योगिक कामगारांच्या किंमत निर्देशांकामागोमाग चालते. खर्च मात्र मी येथील दरांनी करतो. देशाच्या मापाने मिळवायचे आणि तालुक्याच्या मापाने खर्चायचे, यातील फरक म्हणजे माझी स्वस्ताई होय. जो येथेच मिळवतो आणि येथेच खर्चतो, त्याच्या वाट्यास हा फरक येत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी मी शिकवीत असे तोच विषय आज तासिका तत्त्वावर शिकवतो. जितके तास भरले तितके मानधन, सुटीत काहीच नाही, तेही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर शासकीय सेवेत आलेल्यांस जुने निवृत्तिवेतन लागू नाही. याला तर सेवाच मिळालेली नाही. आम्ही एकाच दुकानातून तेल आणि डाळ घेतो. भाव एकच, पण मला तो स्वस्त वाटतो व त्याला महाग पडतो. वस्तुतः स्वस्ताई हा वस्तूचा गुण नव्हे. ते किंमत आणि उत्पन्न यांचे नाते आहे.

मग येथील भाव उतरलेले का असतात? पिशवीभर भाजी मला स्वस्त मिळते, कारण ती पिकविणाऱ्यास घासाघीस करण्याची ताकद नाही. संध्याकाळ झाली की माल परत नेण्यापेक्षा मिळेल त्या भावाने तो विकून मोकळा होतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि विदर्भाच्या बाजारांत सोयाबीन त्याहून खालच्या दराने विकले गेले. घराचे भाडे कमी, कारण गावातील तरुण पुण्याकडे गेले आणि घरे रिकामी पडली. मोलकरीण, गवंडी, हमाल यांची मजुरी कमी, कारण दुसरे काम नाही. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी साहाय्य योजना जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता, हे विसरता येत नाही. मी ज्याला स्वस्ताई म्हणतो ती दुसऱ्या कोणाची तरी तूट आहे.

या तुटीचा इतिहास जुना आहे. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा रेल्वेफाटा सुरू झाला, तो वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून विलायतेच्या गिरण्यांकडे सुलभतेने जावा म्हणून. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगावला रेल्वे आली; घाटावरचे बुलढाणा, चिखली, मेहकर लोहमार्गावाचून राहिले. खामगाव–जालना लोहमार्गाची मागणी करता करता पिढ्या गेल्या. माल बाहेर काढण्याची घाई होती, माणसांच्या ये-जा करण्याची नव्हती.

आज त्याच इंग्लंडातही स्वस्त खेड्यापाड्यांकडे जाण्याची ओढ आहे. कॉर्नवॉलसारख्या भागात लंडनच्या कमाईवर घरे घेतली जातात, वर्षातील काही आठवडे वापरली जातात, आणि तेथेच जन्मलेल्या तरुणांस घर घेणे अशक्य होते. अखेर १ एप्रिल २०२५ पासून अशा दुसऱ्या घरांवर दुप्पट स्थानिक कर बसविण्याची मुभा तेथील परिषदांना मिळाली. बाहेरचे उत्पन्न स्वस्त गावात आले की गाव कोणाच्या हाती जाते, याचा हा धडा आहे. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, आणि मार्गालगत नवनगरांच्या योजनाही आखल्या गेल्या. जमीन कोण विकतो आणि कोण घेऊन ठेवतो, यावर आपले लक्ष असले पाहिजे.

हा सारा हिशेब मला पुस्तकातून नव्हे, एका रात्रीतून शिकावा लागला. चार वर्षांपूर्वी पत्नीच्या छातीत रात्री कळ आली. गावातील डॉक्टरांनी तपासून सांगितले, "सर, येथे थांबू नका." खासगी गाडी केली आणि औरंगाबाद गाठले, आता त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. त्या अडीच तासांत वर्षभराची वाचविलेली भाडी मला आठवत होती. पत्नी वाचली. पाच महिन्यांनी आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या नवऱ्यास तेच दुखणे झाले. गाडीच्या भाड्याची जुळवाजुळव होईपर्यंत पहाट झाली. तो वाटेतच गेला. आम्हांस कळले ते दुसऱ्या दिवशी. रात्री सरांना कसे उठवावे, या संकोचाने त्यांनी आमचे दार वाजविले नव्हते. पुढे एकदा मी सहज म्हणालो की आपले गाव राहायला स्वस्त आहे. भांडी घासता घासता त्या म्हणाल्या, "सर, गाव तुमाले स्वस्त हाय. आमाले कायचं स्वस्त?"

या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. आज जे सुचते ते तुमच्यापुढे ठेवतो. ज्या सेवा गावात नाहीत, त्यांची किंमत भाड्याच्या पावतीवर दिसत नाही. ती प्रवासात, कर्जात आणि कधी जिवानिशी मोजावी लागते. मुलाच्या शिकवणीसाठी लातूर, दुखण्यासाठी संभाजीनगर किंवा अकोला, कामासाठी पुणे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातील एकाही शहराची लोकसंख्या एक लाखास पोहोचलेली नव्हती. अशा जिल्ह्यात या सेवा बाजार आपण होऊन आणील, ही आशा व्यर्थ आहे. त्या सार्वजनिकच असल्या पाहिजेत.

सार्वजनिक निर्णयाने काय होते तेही आपण पाहिले आहे. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे भाडे झाले. तालुक्याच्या बाजारास, दवाखान्यास, माहेरास जाणाऱ्या बायकांनी गाड्या भरून गेल्या. २०२४ मध्ये राज्यात जी दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यांत बुलढाण्याचे आहे. तेथे शिक्षक, यंत्रे आणि खाटा पुऱ्या पडतील की फलकच उरेल, हे आपल्या जागरूकतेवर अवलंबून आहे.

यास्तव कार्यकर्त्यांना माझे सांगणे साधे आहे. आपल्या तालुक्याच्या बसस्थानकात बसून महिनाभर रद्द झालेल्या फेऱ्यांची नोंद करा. ग्रामीण रुग्णालयातील मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हे माहितीच्या अधिकारात मागवा. घरकाम करणाऱ्या बायकांना आणि तासिकेवरील शिक्षकांना एका सतरंजीवर बसवा. त्यांचा प्रश्न एकच आहे. आणि माझ्यासारख्या निवृत्तांना, जे या गावाची स्वस्ताई उपभोगतात, वर्गणीपुरते सोडू नका. मोर्च्यात चालवत नसेल तर अर्ज लिहिण्यास, हिशेब तपासण्यास बसवा.

मी या गावातून जाणार नाही. पण पुण्याच्या स्नेह्यांनी आता विचारले तर मी म्हणेन : गाव चांगले आहे, शेजार उत्तम आहे, माझ्याकडे भांडी घासणाऱ्या बाईंना ते ज्या दिवशी परवडेल, त्या दिवशी त्यास स्वस्त म्हणेन.