लिटल गिडिंगचे उपासक कुटुंब

कुटुंबातील सर्वांनी एकत्र बसून देवाचे नाव घ्यावे, हा संकेत जगातील बहुतेक धर्मांत आढळतो. तिन्हीसांजेला दिवा लागल्यावर नातवंडांकडून शुभंकरोती आणि परवचा म्हणवून घेणारी आजी काय, किंवा झोपण्यापूर्वी लेकरांकडून प्रभूची प्रार्थना म्हणवून घेणारी ख्रिस्ती माता काय, दोघींच्या अंतरीची इच्छा एकच असते. जे आपणास मोलाचे वाटले, ते पुढील पिढीच्या हाती सुखरूप पडावे. ही इच्छा जितकी स्वाभाविक, तितकी तिची पूर्ती अवघड. आईबापांची श्रद्धा मुलांना वारशाने मिळत नाही. आणि सक्तीने दिली तर पुष्कळदा ती पाठांतरापाशीच थांबते. सतराव्या शतकात इंग्लंडमधील एका अँग्लिकन कुटुंबाने ह्या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर देण्याचा जो प्रयत्न केला, त्याची हकीगत त्यातील यशासाठी तर पाहण्यासारखी आहेच, पण त्यात जे साधले नाही त्यासाठीही पाहण्यासारखी आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. आठव्या हेन्रीने १५३४ साली इंग्लंडची मंडळी रोमच्या सत्तेपासून वेगळी केली, आणि पुढील काही वर्षांत तेथील मठ बंद करून त्यांच्या मालमत्ता जप्त केल्या. मठांतील साधू आणि जोगिणी अहोरात्र ठरावीक प्रहरी लॅटिन भाषेत स्तोत्रे गात असत. ती प्रथा मठांबरोबरच लयास गेली. १५४९ साली इंग्रजी भाषेत साधारण प्रार्थनेचे पुस्तक सिद्ध झाले, तेव्हा त्या अनेक प्रहरांच्या उपासनांचा संक्षेप करून सकाळची व सायंकाळची अशा दोनच नित्य उपासना ठेवण्यात आल्या. संन्याशाची साधना प्रापंचिकाला झेपेल अशी करावयाची, हा त्यामागचा हेतू. बायबलमधील दीडशे स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत वाटून दिली, म्हणजे नियमाने देवळात येणाऱ्या शेतकऱ्याच्याही कानांवरून संपूर्ण स्तोत्रसंहिता महिन्यातून एकदा जावी. ह्याच प्रार्थनापुस्तकाचे पुढे मराठीत भाषांतर झाले, आणि १९७० साली उत्तर भारताच्या मंडळीत विलीन होईपर्यंत अँग्लिकन परंपरेतील मराठी मंडळ्यांची उपासना त्याच्याच आधारे चालत असे.

आता त्या कुटुंबाकडे वळू. निकोलस फेरार ह्याचा जन्म १५९२ साली लंडनमधील एका सधन व्यापारी घराण्यात झाला. केम्ब्रिजच्या क्लेअर विद्यालयात त्याचे शिक्षण झाले, काही वर्षे युरोपात प्रवास झाला, आणि परतल्यावर अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या कंपनीत त्याने मोठ्या जबाबदारीची कामे केली. १६२४ साली तो पार्लमेंटचा सभासदही होता. त्याच साली ती कंपनी मोडली, आणि थोरला भाऊ जॉन ह्याचा व्यापारही कर्जात बुडाला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये प्लेगची साथ आली. तेव्हा फेरार घराण्याने शहर सोडले, ते केवळ वैराग्याने सोडले असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. संकट आणि वैराग्य ही दोन्ही तेथे हातात हात घालून आली होती. हंटिंग्डन परगण्यात लिटल गिडिंग नावाचे जवळजवळ ओसाड पडलेले खेडे त्यांनी घेतले. वृद्ध माता मेरी फेरार तेथे पोहोचली, तेव्हा देवळात गवताच्या गंजी रचलेल्या होत्या आणि डुकरे बांधली जात होती. ते साफ झाल्याखेरीज आपण विसावा घेणार नाही, असा तिने हट्ट धरला, आणि मजुरांना घराच्या दुरुस्तीआधी देवळाच्या कामाला लावले. गृहिणीच्या त्या एका आज्ञेत पुढील सारा क्रम ठरून गेला.

आजी मेरी, तिचे पुत्र जॉन व निकोलस, जॉनची पत्नी बॅथशीबा व मुले, कन्या सुसाना कॉलेट, तिचा पती आणि त्यांची भली मोठी संतती, शिवाय शिक्षक व नोकरचाकर मिळून तीस-चाळीस माणसांचा तो गोतावळा होता. १६२६ साली विल्यम लॉड ह्या बिशपच्या हातून निकोलसने डीकनपदाची दीक्षा घेतली. धर्मगुरू मात्र तो कधीच झाला नाही. म्हणून महिन्यातून एकदा प्रभुभोजनाचा विधी चालविण्यासाठी शेजारच्या गावचा धर्मगुरू येत असे. एरवी नित्याची उपासना निकोलस स्वतः प्रार्थनापुस्तकाप्रमाणे चालवी. सकाळची प्रार्थना, दहाच्या सुमारास लितानी म्हणजे विनवणीची प्रार्थना, आणि दुपारी चारला सायंप्रार्थना, अशा तीन वेळा सारे कुटुंब रांगेने देवळात जाई.

एवढ्यावर हे कुटुंब थांबले असते, तर त्याचे नाव आज कोणाला ठाऊकही नसते. त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत दर तासाला घरातील मोठ्या दालनात सुमारे पाव तासाची लहानशी उपासना होई. तीत काही स्तोत्रे व शुभवर्तमानाचा एक भाग म्हटला जाई. जी स्तोत्रसंहिता प्रार्थनापुस्तकाने महिन्यावर वाटली होती, ती येथे एका दिवसात पुरी होई, आणि चारही शुभवर्तमाने महिन्यातून एकदा वाचून होत. ऐकणाऱ्याला वाटेल की, अशा घरात दुसरे काम तरी काय होत असेल? पण येथे पाळ्या असत. दर तासाला दोघे-चौघेच उपासनेला जात. बाकीचे आपापल्या कामात राहत. स्वयंपाक, शिवण, मुलांची शाळा, आजारी शेजाऱ्यांना औषध व पेज देणे, जखमा बांधणे, सारे अखंड चालू असे. थोरल्या भाच्या आळीपाळीने महिनाभर घरकारभार व हिशेब सांभाळीत. रात्री नऊपासून एकपर्यंत जागून पुन्हा सारी स्तोत्रे म्हणण्याचा क्रमही होता, पण तो ऐच्छिक होता, आणि मुले त्यात नसत. एक वाजता जागरण करणारे निकोलसच्या दारावर थाप मारीत व झोपावयास जात. तेथून त्याचा दिवस सुरू होई.

पाळ्यांच्या ह्या रचनेचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. प्रत्येक माणसाला दिवसातून थोडाच वेळ द्यावा लागे, पण घराची प्रार्थना कधीच खंडित होत नसे. आपण गप्प असताना आपल्या वतीने दुसरा कोणी म्हणत आहे, ही जाणीव मुलाच्या मनावर जो संस्कार करते, तो तासाभराच्या प्रवचनाने होत नाही. निकोलसला प्रवचनांची फारशी ओढ नव्हती. ज्या काळी इंग्लंडात प्यूरिटन उपदेशक लांबच लांब प्रवचने देत होते, त्या काळी ही गोष्ट वेगळीच म्हटली पाहिजे.

आसपासच्या खेड्यांतील मुलांसाठीही दार उघडे होते. रविवारी सकाळी ती येत, आठवड्यात पाठ केलेली स्तोत्रे म्हणून दाखवीत, आणि दर स्तोत्रामागे त्यांना एक पेनी मिळे. शिवाय पोटभर जेवण. पेनीसाठी पाठ केलेले स्तोत्र भक्तीत जमा धरावे काय, असा प्रश्न कोणी चिकित्सक विचारील. पण ज्या घरांत पुस्तक नव्हते, त्या घरांत ह्या पोरांच्या तोंडून स्तोत्रे पोहोचली, हे खरे. लाडवाच्या आशेने श्लोक पाठ करणारी मुले कोणत्या देशात नसतात?

मात्र ह्या घराची खरी शाळा शुभवर्तमानांच्या संगतीची होती. मत्तय, मार्क, लूक आणि योहान ह्या चौघांनी येशूचे चरित्र आपापल्या परीने सांगितले आहे. काही प्रसंग एकात आहेत, दुसऱ्यात नाहीत, काहींचा क्रम वेगळा आहे. छापील बायबलांतील पाने कात्रीने व सुरीने कापून, एकेक ओळ, कधी एकेक शब्द वेगळा करून, चौघांचे कथन एका सलग चरित्रात गुंफावयाचे आणि मोठ्या कागदावर चिकटवावयाचे, असे काम कॉलेट भगिनी काकांच्या नव्हे, मामांच्या देखरेखीखाली करीत. कोणती ओळ कोणाची, हे कळावे म्हणून बाजूस खुणेची अक्षरे असत. जागोजाग परदेशी कोरीव चित्रेही कापून लावलेली असत. पुस्तकबांधणी त्यांना केम्ब्रिजच्या एका बांधणीकाराच्या मुलीने शिकविली. अशी दीडशे प्रकरणांची पोथी तयार झाली, आणि दर तासाच्या उपासनेत तीच वाचली जाऊ लागली. जी मुलगी एक वाक्य कोठे बसते हे ठरविण्यासाठी चार पुस्तके पुढ्यात घेऊन बसते, तिला त्याचा अर्थ निराळा शिकवावा लागत नाही. घड्याळाच्या ठोक्यांनी जे साधले नसेल, ते कात्री आणि खळीने साधले, असे म्हणण्यास हरकत नाही.

१६३३ साली स्कॉटलंडला जाताना पहिल्या चार्ल्स राजाने ह्या पोथीची कीर्ती ऐकून ती पाहावयास मागवून घेतली. काही महिने ती त्याच्याजवळ राहिली. परत आली तेव्हा समासांत राजाच्या हातच्या टिपा होत्या, आणि आपल्यासाठीही एक प्रत करावी अशी विनंती सोबत होती. ती प्रत १६३५ साली राजाला मिळाली. आज ती लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहे. त्याच १६३३ साली कवी जॉर्ज हर्बर्ट ह्याने मरणापूर्वी आपल्या कवितांचे हस्तलिखित निकोलसकडे पाठविले, आणि ते त्याच्या प्रयत्नाने प्रसिद्ध झाले.

१६३१ पासून घरात एक कथामंडळही भरू लागले. भाच्यांना त्यात गुणांवरून नावे दिलेली होती; थोरली मेरी ही 'प्रमुख', ॲना ही 'सहनशील', आणखी कोणी 'आनंदी'. सणावारी त्या इतिहासातील गोष्टी सांगत व त्यावर चर्चा करीत. सम्राट पाचव्या चार्ल्सने राज्यत्याग का केला, हा त्यांच्या आवडीचा विषय होता. बोललेले सारे लिहून ठेवले जाई, पण ते छापावे असे कोणाच्या मनात नव्हते.

चित्राची ही एक बाजू झाली. जॉनची पत्नी बॅथशीबा ही लंडनची. ह्या जीवनक्रमात तिचे मन कधीच रमले नाही. नवऱ्याचा धंदा बुडाला, शहर सुटले, आणि आपल्या मुलांच्या शिक्षणाची सूत्रे धाकट्या दिराच्या हाती गेली, ह्याचे तिला दुःख होते. घरातील पत्रव्यवहारात तिच्या नाराजीच्या खुणा आहेत. चरित्रकारांनी तिला बहुधा कुरकुरणारी स्त्री म्हणून बाजूला सारले आहे. हे न्याय्य नाही. निकोलस, मेरी आणि ॲना ह्यांनी हा मार्ग निवडला होता. बॅथशीबाच्या वाट्याला तो आला होता. मठात येणारा माणूस आपल्या पायांनी येतो, कुटुंबात येणारा जन्माने किंवा लग्नाने येतो. त्यामुळे मठाचा नियम कुटुंबाला लावताना जी अडचण उभी राहते, ती फेरारांच्या घरात ह्या एका स्त्रीच्या रूपाने उभी होती, आणि तिचे उत्तर निकोलसच्या बुद्धिमत्तेलाही सापडले नाही. रात्रीचे जागरण त्याने ऐच्छिक ठेवले, पण दिवसाचा क्रम ऐच्छिक नव्हता.

मुलांच्या बाबतीतही एकच साचा बसला नाही. काही भाच्या विवाह करून गेल्या. मेरी आणि ॲना ह्यांनी अविवाहित राहण्याचे ठरविले. १६३४ साली एडवर्ड लेंटन नावाचा एक वकील मुद्दाम चौकशीसाठी आला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की, ह्या दोघी प्रार्थना-उपवासात राहतात, पण त्यांनी कोणतेही व्रत घेतलेले नाही. लेंटनने जे पाहिले ते पुष्कळसे प्रामाणिकपणे एका पत्रात लिहिले. पुढे १६४१ साली त्या पत्राचा विपर्यास करून एक निनावी चोपडे निघाले, आणि त्यात ह्या घराला आडपडद्याने चालणारे जोगिणींचे मठ ठरविण्यात आले. रोमच्या वाऱ्यालाही भिणाऱ्या त्या काळात हा आरोप साधा नव्हता.

निकोलस तोपर्यंत हयात नव्हता. ४ डिसेंबर १६३७ रोजी रात्री एकच्या सुमारास, नेहमीच्या उठण्याच्या वेळी, त्याचे निधन झाले. जॉन आणि सुसाना ह्यांनी क्रम चालू ठेवला. जॉनचा विद्वान मुलगा, ज्याच्यावर काकाची सर्वांत मोठी आशा होती, तो विशीतच १६४० साली वारला. १६४५ साली पार्लमेंटने प्रार्थनापुस्तकावरच बंदी घातली. ज्या पुस्तकावर घराचा दिवस उभा होता, तेच बेकायदेशीर ठरले. मे १६४६ मध्ये पराभूत राजा रात्रीच्या अंधारात आसरा शोधीत ह्याच घरी आला, आणि येथे शोध होईल म्हणून जॉनने त्याला दुसऱ्या सुरक्षित जागी पोहोचविले. १६५७ साली जॉन व सुसाना दोघेही गेली, आणि दर तासाची घंटा थांबली.

बॅथशीबाची मुलगी व्हर्जिनिया, जिचे नाव त्या दूरच्या वसाहतीवरून ठेवले होते, ती त्याच घरात वाढली आणि रेशमाच्या किड्यांच्या प्रयोगांत रमली. अमेरिकेतील मळेवाल्यांना उपयोगी पडावी म्हणून तिची माहिती १६५५ साली एका पुस्तिकेत छापली गेली. थोरली भाची मेरी कॉलेट मात्र अखेरपर्यंत आपल्या निश्चयावर राहिली. १६६२ साली प्रार्थनापुस्तक पुन्हा देवळांत आलेले तिने पाहिले, आणि १६८० साली ती वारली.