अतिशीत देहजतन : विज्ञाननिष्ठांपुढील एक प्रश्न

बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७३ साली फ्रान्समधील एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात एक विलक्षण इच्छा प्रकट केली होती. मद्याच्या बाटलीत बुडून निश्चेष्ट झालेल्या माश्या उन्हात ठेवल्यावर पुन्हा हालचाल करू लागल्याचे त्यांच्या पाहण्यात आले होते. त्याच रीतीने आपणही काही मित्रांसह मद्याच्या पिंपात पडून राहावे आणि शंभर वर्षांनी जागे होऊन अमेरिकेची स्थिती पाहावी, असे त्यांना वाटले. मात्र आपल्या शतकातील विज्ञान अद्याप बाल्यावस्थेत असल्यामुळे हे घडणे नाही, हेही त्यांनी तेथेच नमूद केले.

पुढे रॉबर्ट एटिंजर या अमेरिकन भौतिकशास्त्राच्या अध्यापकाने १९६२ साली हाच विचार गंभीरपणे मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : आजच्या वैद्यकाने ज्याला मृत ठरवले तो उद्याच्या वैद्यकाच्या दृष्टीने केवळ असाध्य रोगी असू शकेल, तेव्हा त्याचा देह अतिशीत अवस्थेत उद्याच्या हवाली का करू नये? जानेवारी १९६७ मध्ये जेम्स बेडफर्ड या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांचा देह या हेतूने प्रथम गोठवण्यात आला, आणि आजही तो द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला, ठेवलेला आहे.

हे ऐकून विज्ञानाच्या जाणकाराच्या चेहऱ्यावर स्मित उमटते. पाणी गोठताना प्रसरण पावते, बर्फाचे स्फटिक पेशी विदीर्ण करतात, मग उरणार काय, असा त्याचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. परंतु तो जुना आहे. १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी ग्लिसरॉल वापरून कोंबड्याचे शुक्रजंतू गोठवून पुन्हा सचेतन केले. १९८५ साली रॉल आणि फेही यांनी उंदराचे भ्रूण गोठवण्याऐवजी त्यांचे 'काचीकरण' केले. काचीकरणात गोठणरोधक द्रव्यांच्या तीव्र द्रावणामुळे पेशीतील पाण्याचे स्फटिक बनतच नाहीत. ते काचेसारखे घट्ट होऊन बसते. आज वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात हे नित्याचे काम झाले आहे.

गोठवलेल्या भ्रूणाचा विषय निघाला की कलकत्त्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. ऑक्टोबर १९७८ मध्ये तेथे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून एका मुलीचा जन्म झाला. ज्या भ्रूणापासून ती जन्मली तो त्यांनी आधी गोठवून ठेवला होता. राज्य शासनाने नेमलेल्या चौकशी समितीच्या अध्यक्षपदी रेडिओ-भौतिकीचे तज्ज्ञ होते, आणि समितीने हा दावा अग्राह्य ठरवला. जपानमधील परिषदेला जाण्याची परवानगीही डॉक्टरांना नाकारण्यात आली. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. गोठवलेल्या भ्रूणापासून झालेला पहिला जन्म म्हणून जगाने १९८४ सालच्या मेलबर्नमधील बालकाची नोंद घेतली. १९८६ साली मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजांसह असाच यशस्वी प्रयोग करणारे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी १९९७ मध्ये मुखोपाध्यायांची टिपणे तपासून श्रेय त्यांचेच असल्याचे जाहीरपणे मान्य केले. पहिलेपणाचा मान स्वतःकडे असताना तो दुसऱ्याला देणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

एक दावा अन्यायाने फेटाळला गेला म्हणून दुसरा खरा ठरतो, असे नाही. या हकिगतीवरून एवढेच दिसते की पुरावा न तपासता नाकारणे ही वैज्ञानिक वृत्ती नव्हे.

मग पुरावा कोठवर पोचला आहे? फेही यांच्या गटाने काचीकृत केलेले सशाचे मूत्रपिंड पुन्हा उबवून रोपण केल्यावर त्याने प्राण्यास जगवले, हे २००९ साली प्रसिद्ध झाले. २०२३ साली मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी शंभर दिवसांपर्यंत साठवलेली उंदरांची मूत्रपिंडे यशस्वीपणे रोपली. मेंदूच्या बाबतीत मजल एवढी नाही. २०१५ साली सशाच्या मेंदूची सूक्ष्म रचना उत्तम टिकवल्याचे दाखवण्यात आले खरे, पण त्यासाठी वापरलेले रसायन ऊतींना कायमचे बांधून टाकते. त्यात जीव परत येण्याचा प्रश्न नाही, रचना मात्र शिल्लक राहते. कोणताही सस्तन प्राणी या तापमानावरून परत आलेला नाही, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

तरीही रचना शिल्लक राहणे क्षुल्लक नाही. स्मृती व स्वभाव जर चेतापेशींच्या जोडण्यांत साठलेले असतील, तर खरा प्रश्न हृदय थांबले की नाही हा नसून त्या जोडण्या वाचता येण्याजोग्या उरल्या की नाही, हा आहे. हृदय थांबणे म्हणजे मृत्यू ही व्याख्या वैद्यकाने केव्हाच मागे टाकली. १९९९ साली नॉर्वेत बर्फाखाली अडकलेल्या एका तरुण डॉक्टरच्या शरीराचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते, हृदय बंद होते. ती वाचली आणि पुन्हा कामावर गेली.

सर्वांत सबळ आक्षेप वस्तुतः प्रयोगशाळेतला नाहीच. कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थ येथे तळघरात ठेवलेले नऊ देह पैशाअभावी वितळून कुजले, हे १९७९ साली उघड झाले. शतकभर नायट्रोजन कोण भरणार, या प्रश्नाला कोणतेही समीकरण उत्तर देत नाही. शीतजीवशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८२ साली या प्रथेच्या पुरस्कर्त्यांना सदस्यत्व नाकारणारा नियम केला. उलट २००४ मध्ये साठहून अधिक वैज्ञानिकांनी ही कल्पना विचारार्ह असल्याचे पत्रक काढले. विज्ञाननिष्ठ मनुष्याला या दोन्हींच्या मध्ये उभे राहून हिशेब करता येतो : शक्यता अल्प, खर्च मोठा, पण दुसऱ्या पारड्यात दहन किंवा दफन आहे, आणि तेथील शक्यता शून्य आहे.

हा हिशेब मांडायला सवड मात्र थोडी मिळते. कायद्याप्रमाणे मृत्यू जाहीर झाल्याखेरीज काहीच सुरू करता येत नाही, आणि नंतरचे प्रत्येक मिनिट मेंदूची हानी करते. म्हणून करारपत्र, विमा, नातेवाइकांची संमती हे सारे धडधाकट असतानाच उरकावे लागते. एटिंजर २०११ साली ब्याण्णवाव्या वर्षी मिशिगनमध्ये निवर्तले तेव्हा तयारी पूर्ण होती. त्यांनी १९७६ साली उभ्या केलेल्या संस्थेतच त्यांचा देह ठेवण्यात आला. त्यांची आई व दोन्ही पत्नी तेथे आधीच होत्या.