मधुमेह आणि शिक्षण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात बल्लारपूर येथे दिलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर खडू-फळा हाती धरलेला मी एक सेवानिवृत्त शिक्षक. औषध सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु मधुमेह हा जितका औषधाचा तितकाच शिक्षणाचा विषय आहे, एवढे सांगण्याचा अधिकार मला असावा.

प्रथम एक साधे गणित मांडतो. वर्षाचे तास ८७६०. रोगी वर्षातून चार वेळा डॉक्टरांकडे गेला व दर खेपेस पाव तास बसला, तर तो झाला एक तास. उरलेले ८७५९ तास त्याची काळजी वाहणारा कोण? तो स्वतः आणि त्याच्या घरची माणसे!

हे तत्त्व नवे नाही. इन्सुलिनचा शोध टोरांटो येथे १९२१ साली लागला व १९२२ साली ते प्रथम एका १४ वर्षांच्या मुलास टोचले गेले. परंतु त्यापूर्वीच, १९१८ साली, अमेरिकेतील बोस्टनच्या डॉ. जोस्लिन यांनी डॉक्टर व रोगी या दोघांच्याही उपयोगासाठी मधुमेहावर पुस्तक लिहिले होते. म्हणजे इन्सुलिनच्या आधी शिकवणी आली! आपल्या शेजारच्या गडचिरोलीत कार्य करणारे डॉ. अभय बंग यांनीही स्वतःच्या हृदयरोगाकडे विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहून 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक लिहिले, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत आणि १३ कोटींहून अधिक लोक उंबरठ्यावर उभे आहेत. आपल्या मंडळातील घरे याला अपवाद कशी असतील?

मग शिकावयाचे काय? पहिला धडा वहीचा. तपासणीचा आकडा, तारीख, आदल्या जेवणात काय होते, हे लिहून ठेवावे. गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी नावाची तपासणी असते. तिचा अर्थ डॉक्टरांना विचारून घ्यावा. दुसरा धडा ताटाचा. आपला जिल्हा भाताचा. भात वर्ज्य नाही, पण त्याचा ढीग कमी करून वरण, भाजी व उसळ वाढवावी. साखर सोडून चहात गूळ घालणे म्हणजे मात्र स्वतःची फसवणूक होय. तिसरा धडा पायांचा. बधिर पायास काटा टोचला तरी कळत नाही. यास्तव रोज रात्री तळवे पाहावेत, अनवाणी चालू नये. चौथा धडा साखर एकाएकी उतरण्याचा. घाम, थरथर, धडधड जाणवली व साखर ७० च्या खाली आली, तर तीन लहान चमचे साखर पाण्यातून घ्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठावा. कागद कारखान्यात व कोळसा खाणीत रात्रपाळी करणाऱ्यांनी जेवणाची व औषधाची वेळ कशी बदलावी, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

इन्सुलिन घेणाऱ्यांस आपल्या उन्हाळ्याचेही भान हवे. येथे पारा ४५ अंशांवर जातो. घरी शीतकपाट नसेल, तर कुपी कोरड्या डब्यात घालून तो डबा ओल्या वाळूत बसविलेल्या मातीच्या मडक्यात ठेवावा. शीतकपाटात ठेवल्यास ती बर्फाच्या कप्प्यात कदापि ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते.

आता थोडे कटू बोलतो, क्षमा असावी. आपल्या समाजात हा विकार लपविला जातो. मुलीचे लग्न जमावयाचे आहे म्हणून बाप चोरून गोळ्या घेतो. घरची माउली सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले जेवते. तिची तपासणी तर कोणाच्या ध्यानीही येत नाही. पंक्तीत "एक जिलबी माझ्यासाठी!" असा आग्रह आपण प्रेमाने करतो आणि समोरचा लाजेकाजेस्तव ती खातो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी अशीच दहा वर्षे कोणास कळू दिले नाही. जेव्हा कळले तेव्हा पायाची बोटे काढावी लागली होती. लग्न तर त्या मुलीचे पुढे झालेच. मग लपवून साधले काय?

म्हणून मंडळास माझी नम्र विनंती आहे. एक, आपल्या पंक्तीत गोडाचा आग्रह बंद करावा. दोन, तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाची वर्षातून एकदा रक्ततपासणी व्हावी. सरकारी आरोग्य केंद्रात ती सोय आहे. तीन, महिन्यातून एकदा मधुमेही बंधुभगिनींनी आपापली वही घेऊन एकत्र बसावे आणि शक्य तेव्हा डॉक्टरांस बोलवावे. त्या वर्गात हजेरी घेण्याचे काम मी आनंदाने पत्करतो.

शाळेत नापास झालेल्या मुलास पुढच्या वर्षी पुन्हा बसता येते. गेलेली दृष्टी वा गेलेला पाय परत येत नाही. एवढे ध्यानी धरावे.